डोंबिवलीची संख्या आणि उदयनाचार्यांचा ईश्वर

मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या स्टेशनाला जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या अमदानीत ‘डेम्लो’ म्हणत आणि जे आज डोंबिवली या नावाने सर्वांच्या तोंडी आहे, त्याची नोंद गणिताच्या कोशांत कायमची झालेली आहे, ही गोष्ट सकाळच्या लोकलमध्ये एका पायावर उभे राहून ठाण्याकडे येणाऱ्या असंख्य चाकरमान्यांपैकी फारच थोड्यांच्या कानावर गेली असेल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना एका विशिष्ट जातीच्या संख्यांची कल्पना या स्टेशनावर सुचली, आणि त्यांनी त्या संख्यांना स्टेशनाचेच नाव देऊन टाकले. कापरेकर १९०५ साली डहाणूस, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच, जन्मले. शालेय शिक्षण ठाण्यात झाले. पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. आणि १९३० पासून १९६२ पर्यंत, निवृत्त होईतो, त्यांनी देवळालीस शाळामास्तरकी केली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला त्या पंचांगाच्या पानांतून लागली असे म्हणतात, आणि ते सहज पटण्याजोगे आहे.

डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. मधल्या भागात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा. आणि डावा व उजवा भाग एकमेकांत मिळवले की तोच अंक ओळीने उभा राहतो. १६५५५५३९ घ्या : १६ आणि ३९ मिळून ५५, आणि मध्ये पाचांचीच रांग. या जातीतली सर्वांत देखणी शाखा म्हणजे नुसत्या एकांनी लिहिलेल्या संख्यांचे वर्ग. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि असे चढत चढत नऊ एकांपर्यंत गेले की जी संख्या हाती येते तीच आजच्या विवेचनाचा विषय आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा, आठ नऊ येतात. मध्ये नऊ उभाच आहे. या सर्व अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने या संख्येला नि:शेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकार स्वत: १२३४५६७९ चा वर्ग आहे, त्या वर्गमुळात एक ते नऊपैकी आठ तेवढा रुसून बसलेला आहे. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. पहिल्या नऊ एकवर्गांत, एक ही बिनकष्टाची संख्या सोडली, तर हे हर्षदत्व फक्त दोघांना लाभले आहे : तिसऱ्या १२३२१ ला आणि या नवव्या संख्येला. मूळ घटकांत फोड करू गेल्यास तीन चार वेळा, सदतीस दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतो. म्हणून एकंदर विभाजक ४५. आणि ४५ ही पुन्हा कापरेकरांच्याच नावाने ओळखली जाणारी संख्या, कारण तिचा वर्ग २०२५ आणि २० व २५ यांची बेरीज ४५.

इथवर कौतुक झाले. परंतु ज्या प्रश्नासाठी ही संख्या येथे बोलावली आहे तो कौतुकाचा नाही. ही संख्या आहे कोठे?

भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली आहेत, त्यांत आपल्या संख्येचा अग्रांक परार्धाच्या अलीकडच्या, ‘मध्य’ नावाच्या स्थानी बसतो. एखाद्याने अहोरात्र न थांबता दर सेकंदास एक या गतीने मोजणी आरंभली, तर इतक्या वस्तू मोजून होण्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. पुराणांच्या हिशेबाने एकाहत्तर महायुगांचे, म्हणजे तीस कोटी सदुसष्ट लक्ष वीस हजार वर्षांचे, एक मन्वंतर संपून दुसरे बरेच पुढे सरकलेले असेल. तेव्हा ही संख्या कोणी मोजली नाही, कोणी मोजणार नाही, आणि तरीही तिला ८१ ने भाग जातो हे ठाण्यातल्या माजिवड्याच्या नाक्यावर सिग्नल सुटण्याची वाट पाहत उभा असलेला शाळकरी मुलगाही वहीच्या मागच्या पानावर ताडून पाहू शकतो. जे मोजले गेले नाही त्याचे गुणधर्म इतक्या नि:शंकपणे ठाऊक असावेत, यात मला जे आश्चर्य वाटते ते अंकांच्या सुबक मांडणीपेक्षा कितीतरी मोठे आहे.

या आश्चर्याकडे आपल्याकडच्या दार्शनिकांनी डोळेझाक केलेली नाही. वैशेषिकांच्या मते संख्या हा द्रव्यावर राहणारा गुण आहे. परंतु सर्व संख्यांचा दर्जा सारखा नाही. एकत्व वस्तूत स्वभावत:च असते. द्वित्व, त्रित्व आणि त्यापुढच्या संख्या मात्र ‘हा एक, हा एक’ असे एकत्र जाणणाऱ्या बुद्धीतून निर्माण होतात; या बुद्धीला त्यांनी अपेक्षाबुद्धी असे नाव दिले, आणि ती मावळली की तिच्यामागोमाग द्वित्वही नाहीसे होते, असे बेधडक सांगून टाकले. समोर दोन आंबे ठेवलेले आहेत; आंबे आंब्यांच्या जागी आहेत; परंतु त्यांचे दोनपण पाहणाऱ्याच्या गणतीवर अवलंबून आहे. हे मत आधुनिक कानांना जितके विचित्र वाटते तितके ते नाही, कारण जग वस्तूंचे भरलेले असले तरी त्यांचे गट कोणी पाडले, हा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

आता यातून एक मोठी अडचण उत्पन्न होते, आणि त्या अडचणीचे मिथिलेच्या उदयनाचार्यांनी, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, हत्यार केले. सृष्टीच्या आरंभी दोन परमाणू एकत्र येऊन द्व्यणुक होते आणि द्व्यणुकाचे परिमाण परमाणूंच्या परिमाणातून नव्हे, तर त्यांच्या द्वित्वातून उत्पन्न होते, असा सिद्धान्त आहे. द्वित्वाला मोजणारा हवा. परंतु परमाणू कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत आणि सृष्टीच्या आरंभी दृष्टी असलेला जीवच नाही. मग मोजणारा कोण? ज्याच्या अपेक्षाबुद्धीने ते द्वित्व झाले तो ईश्वर. ‘न्यायकुसुमांजली’मध्ये ईश्वरसिद्धीची जी प्रमाणे दिली आहेत त्यांत जगाचे कार्यत्व आहे, श्रुती आहे, आणि त्यांच्याच पंगतीला हा संख्येचा मुद्दाही मांडलेला आहे. ईश्वराला सृष्टीचा कर्ता, पालक, न्यायाधीश म्हणणारे सगळीकडे सापडतात. त्याला गणक म्हणून सिद्ध करणारा विचारवंत विरळाच.

उदयनाचार्यांचे म्हणणे मान्य केले तर आपल्या संख्येची सोय लागते. आपण ती मोजली नाही, परंतु ती मोजलेली आहे. मान्य करावे की न करावे, हे ठरविण्याआधी मात्र एक शंका दूर केली पाहिजे. ती ही की, आपण ज्या गुणधर्मांवर लुब्ध झालो ते संख्येचे आहेत, की तिच्या लेखनाचे? कारण लेखनाचे असतील तर ईश्वराला मध्ये आणण्याचे कारणच नाही. तो सगळा आपल्याच दहा बोटांचा खेळ ठरेल.

हा आक्षेप पाश्चात्त्य गणितज्ञांनी फार कठोरपणे घेतला. केंब्रिजचे हार्डी, ज्यांनी रामानुजनला जगापुढे आणले, त्यांनी १९४० साली लिहिलेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशा चमत्कृतींचे मासले घेऊन त्यांची बोळवण केली आहे. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात. १५३ ही आपल्या अंकांच्या घनांची बेरीज असते. ठीक आहे, पण त्यातून व्यापक असे काही निष्पन्न होत नाही, म्हणून गणितज्ञाने त्यात रमू नये, असा त्यांचा निवाडा. कापरेकरांच्या वाट्याला हयातीत जी उपेक्षा आली तिच्यामागे हाच निवाडा होता. प्रा. गुंजीकरांसह त्यांनी डेम्लो संख्यांवर लिहिलेला निबंध १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला खरा, परंतु जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले ते १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा. आणि १९८६ साली तर मास्तर गेलेच.

हार्डींचा आक्षेप आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत अधिक नेमका मांडता येतो. लक्षण दोन प्रकारचे : स्वरूपलक्षण आणि तटस्थलक्षण. देवदत्ताचे घर कोणते, असे विचारल्यावर ‘ज्यावर कावळा बसला आहे ते’ असे उत्तर दिले तर घर सापडते, परंतु कावळा हा घराचा भाग नव्हे. तो उडाला तरी घर उरते. ८१ ने भाग जाणे हे संख्येचे स्वरूप. अंकांची बेरीज ८१ येणे हा वरचा कावळा. माजिवड्यातल्याच उदाहरणाने बोलायचे तर, ज्या जमिनीवर आज तीस-तीस मजली मनोरे उभे आहेत ती दप्तरी ‘मौजे माजिवडे’ म्हणून नोंदलेली शेते होती. त्यांचा जुना सर्व्हे नंबर एक, नवा दुसरा, हिस्सा तिसरा, आणि फेरफारांनी सातबारा कितीही वेळा बदलला तरी जमीन कोणी हलवलेली नाही. अंक म्हणजे संख्येचा सर्व्हे नंबर.

आक्षेप बलवान आहे आणि कापरेकरांच्या पुष्कळ संशोधनाला तो लागूही पडतो. त्यांचा जगप्रसिद्ध स्थिरांक ६१७४ पाहा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत, वजाबाकी करावी, पुन्हा तेच करावे. फार तर सात खेपांत ६१७४ येतेच. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ ने, भागल्यास ३४३, म्हणजे साताचा घन, येतो. परंतु तीन अंकी संख्यांत ४९५ वर सगळे येऊन स्थिरावते आणि पाच अंकी संख्यांत तर असा एकही मुक्काम नाही, सगळ्या चक्रात फिरत राहतात. लेखनपद्धती बदलली की मुक्कामही बदलतो. येथे कावळा हा कावळाच आहे, हे कबूल केले पाहिजे.

डोंबिवलीच्या संख्येची गोष्ट निराळी आहे. समजा, मनुष्याला आठच बोटे असती आणि त्याने शून्य ते सात एवढ्याच अंकांनी लिहिण्याचा परिपाठ ठेवला असता. त्या लेखनात सात एकांचा वर्ग केला तर १२३४५६७६५४३२१ असाच चढउतार दिसतो. आपल्या दशमान लेखनात हीच संख्या ८९७५५९६५६४९ अशी दिसते. या ओबडधोबड रांगेकडे पाहून कोणाचा हर्ष उचंबळेल? अंकांची बेरीज ७३, भाग जात नाही. परंतु आठबोट्यांच्या लेखनात बेरीज सातांचा वर्ग, ४९. आणि ४९ ने तिला नि:शेष भाग जातो. आपल्या अंकांत भागाकार १८३१७५४४०१, जो ४२७९९ चा वर्ग आहे. कारण शोधू गेल्यास ते अगदी साधे निघते. लेखनाचा पाया कोणताही असो, त्या पायातून एक वजा केला तर जी संख्या उरते तितके एक लिहून त्यांचा वर्ग केला असता, कोठेही हातचा न येता, पायऱ्या चढतात व उतरतात. अंकांची बेरीज त्या उरलेल्या संख्येचा वर्ग होते. आणि पायाच्या प्रत्येक घाताला त्या संख्येने भागले तर बाकी एकच उरत असल्यामुळे, तितक्या एकांच्या रांगेला ती संख्या भागतेच. बारा बोटांच्या प्राण्यांनाही हे टळणार नाही. हार्डींनी मागितलेली व्यापकता ती हीच, आणि ती डोंबिवलीच्या फलाटावर सुचलेल्या खेळात आढळते. घरावर बसलेला हा कावळा भलत्याच घरावर बसू शकत नव्हता.

सगुणोपासनेविषयी आपल्याकडे जो वाद शतकानुशतके चालला, त्यात सगुणाच्या बाजूने अशी कोटी कोणी केली असल्यास मला ठाऊक नाही. पण करता येईल असे वाटते. रूप खोटे आहे म्हणून टाकून द्यावे, की रूपाचा हात धरून आत जावे, हे त्या त्या रूपावर अवलंबून राहील. काही रूपांमागे काहीच नसते आणि काहींमागे सर्वत्र लागू पडणारे सत्य असते, आणि आत गेल्याशिवाय ते कळण्याची सोय नाही. शके १०७२ मध्ये लीलावती लिहिताना भास्कराचार्यांनी अंकपाशाच्या प्रकरणात याच सरहद्दीवरचे एक गणित घातले आहे. दहा हातांत दहा आयुधे धारण करणाऱ्या शंभूची, ती आयुधे हातांत आलटूनपालटून, किती रूपे होतील? उत्तर ३६,२८,८००. चार हातांच्या हरीची अशीच २४. अंबरनाथच्या शिवालयाला, जे शके ९८२ चे, तेव्हा नव्वद वर्षे झालेली होती आणि मूर्तिकार दगडात एकेक रूप घडवीत होते. गणिती मात्र सगळी रूपे एका गुणाकारात मोजून मोकळा झाला. छत्तीस लाखांहून अधिक रूपे आणि शंभू एक, याचा विषाद किंवा चमत्कार त्या ग्रंथात कोठेही नाही. मला त्यातला हा निर्विकारपणा फार भावतो.

अंकांच्या या भक्तीची एक स्वस्त आवृत्तीही आहे, आणि ती आमच्या भागात जोरात आहे. गाडीच्या पाटीवरील आकड्यांची बेरीज नऊ यावी म्हणून परिवहन खात्यात पसंतीच्या क्रमांकासाठी जादा फी भरणारे लोक मी ओळखतो. तेरावा मजला नावापुरता वगळून बाराच्या डोक्यावर चौदावा बसवणाऱ्या इमारतीही पाहिल्या आहेत, आणि तेथील चौदाव्या मजल्यावरचे लोक तेराव्याच मजल्यावर सुखाने नांदतात. अंकाला शुभाशुभ मानणारा मनुष्य अंकाच्या आत कधी शिरत नाही. त्याला संख्येशी कर्तव्य नसते, आपल्या नशिबाशी असते. कापरेकरांचा पिंड याच्या नेमका उलट. १०८ ही जपमाळेची संख्या; तिच्याकडे ते पाहतील तेव्हा त्यांना प्रथम दिसेल की अंकांची बेरीज नऊ आणि भागाकार बारा, म्हणून हर्षद; आणि मग दिसेल की कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून १०८ तयार होत नाही. अशा जनकहीन संख्यांना ते ‘स्वयंभू’ म्हणत. दोन एकांचा वर्ग, १२१, हाही स्वयंभूच. जेजुरीच्या किंवा गणपतीपुळ्याच्या वाटेवर ज्या शब्दाला आपण हात जोडतो, तो शब्द या मास्तरांनी बेरीज-वजाबाकीच्या वहीत उतरवला आणि त्याची सिद्धताही मागितली.

आता मूळ प्रश्नाकडे. हातचा न येण्यावर जे सौंदर्य उभे आहे ते नऊ एकांपाशी संपते. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ पुन्हा गळाला, मध्ये दोन शून्ये पडली, बेरीज ८२ झाली, आणि संख्या विषम असल्यामुळे तिला ८२ ने भाग जाणे शक्यच नाही. त्यापुढे अंक काहीही सांगेनासे होतात आणि संख्या मात्र चालतच राहतात. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, तेवीसांचीही. मग थेट तीनशे सतरा एकांपर्यंत मूळ संख्या नाही. मधल्या सगळ्या संयुक्त.

संयुक्त असणे आणि घटक ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोनाचा घात दोन घेऊन, त्या घाताचा घात वीस करून, शेवटी एक मिळवला असता फर्माची विसावी संख्या मिळते. दशमान लेखनात तिला ३,१५,६५३ अंक लागतात. ती संयुक्त आहे असे १९८८ साली सिद्धतेसह प्रसिद्ध झाले. तिचा एकही विभाजक आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. विभाजक आहेत, हे पर्वतावरच्या धुरावरून अग्नी जाणावा तितक्याच, किंबहुना अधिक, खात्रीने ठाऊक आहे. ते कोणते, हे ठाऊक नाही. नैयायिकांच्या परिभाषेत अनुमान पुरे झाले आहे आणि प्रत्यक्ष व्हावयाचे आहे.

येथे उदयनाचार्य पुन्हा आठवतात. मोजणाऱ्याशिवाय संख्या नाही हे त्यांचे गृहीतक मी सोडून द्यायला तयार आहे. मोजणी न करता भागाकाराची खात्री देणारी बीजगणिताची वाट त्यांच्यापुढे या स्वरूपात नव्हती, आणि डोंबिवलीच्या संख्येपुरते तरी त्या वाटेने काम भागते. परंतु फर्माच्या विसाव्या संख्येचा सर्वांत लहान विभाजक हा या क्षणी, कोणाच्याही बुद्धीत नसताना, अमुक एक आहे आणि दुसरा नाही, असे जेव्हा मी नि:संकोच म्हणतो, तेव्हा तो कशाच्या आधारावर अमुक आहे, हे मला सांगता येत नाही. आस्तिकाला ते सांगता येते. नास्तिक गणितज्ञही ते वाक्य तितक्याच नि:संकोचपणे उच्चारतो आणि दुसऱ्या दिवशी यंत्र लावून विभाजक शोधायला बसतो. उदयनाचार्यांनी या गृहस्थाची उलटतपासणी घेतली असती तर ती ऐकण्यासारखी झाली असती.